कातवण्यांचं रक्त

३ नोव्हेंबर, सोमवार

लाथा ९. डाग नाही.

डॉक्टर बाईने सांगितलंय रोज लिहायचं. बाळाने दिवसात किती लाथा मारल्या, डाग लागला का, लागला तर केवढा. ओवीची केजी वनची वही घेतलीय. पुढची पानं ए फॉर ॲपलने भरलीत, मागून लिहिते. आठवीनंतर पेन धरलाय तो फक्त सह्या करायला. हात दुखतो.

आठवा महिना लागला. वार खाली आहे, पिशवीच्या तोंडावर. म्हणून कळा यायच्या आधीच कापून काढणार. आठ डिसेंबर. विमान बंद, जिने बंद, वजन उचलणं बंद. शारजात मराठी डॉक्टर कुठली, बाई केरळची आहे, हिंदीत बोलते. "घबराना नहीं" म्हणते आणि लगेच घाबरवणारंच सांगते. ऑपरेशनला रक्त लागणार, जास्त लागेल. म्हणून माझं रक्त घेतलं तपासायला.

मी म्हटलं ओ पॉझिटिव्ह आहे, ओवीच्या वेळचं कुडाळचं कार्ड आहे. बाई म्हणाली, "फिर भी देखेंगे."

६ नोव्हें. गुरुवार

लाथा ११. डाग नाही. डोकं फिरलंय.

हॉस्पिटलातून ह्यांना सोमवारीच फोन आलेला. सोमवारी! आज गुरुवार. तीन दिवस माणूस जेवला, झोपला, गोदामात फोर्कलिफ्ट चालवून आला, ओवीला बागेत नेलं. एक शब्द नाही. आज बाईने मला सांगितलं तेव्हा मी ह्यांच्याकडे बघितलं तर हे खाली बघतायत.

"तू घाबरशील म्हणान नाय सांगलंय."

घाबरले तर घाबरले. रक्त माझं आहे ना?

माझं रक्त ओ नाही. ओसारखं दिसतं पण नाही. बाँबे म्हणतात त्याला. फार थोड्या माणसांचं असतं. मला ओ चढवलं तर मी मरेन, असं नाही म्हणाली ती, "बहुत मुश्किल हो जाएगी" म्हणाली. तेच ते. ओवीच्या वेळी चढवायची वेळ आली नाही म्हणून वाचले. इतकी वर्षं खोटं कार्ड पर्समध्ये घेऊन फिरते मी.

इथे देणारी माणसं बोटावर मोजण्यासारखी. यादीतल्या एकाने मागच्याच महिन्यात दिलंय, एवढ्यात परत देता येत नाही. दुसरा देशाबाहेर. मुंबईत मिळतं म्हणे, पण तिथून आणायचे कागद, परवानग्या, वेळेत होईल याची गॅरंटी नाही. बाई म्हणाली, "तुम्हारे उधर कोंकण साइड में निकलता है ये. एक ही खानदान में निकलता है. भाई-बहन, चाचा, पहले उनको देखो. शादी के पहले का सरनेम क्या है?"

मी म्हटलं कातवणे.

तिने कागदावर लिहिलं. नंतर म्हणाली, "पहली बार सुना."

सगळे असंच म्हणतात.

७ नोव्हें. शुक्रवार

लाथा १०.

आईला फोन केला. भावाला, संतोषला सांगितलं कुडाळला जाऊन रक्त तपास, आईलाही ने, मामाकडच्यांना पण सांग. आमच्यात सुना मामाच्याच घरातून आणायच्या. आजी तिथली, पणजी तिथली, आई तिथली. बाईला हे सांगितलं तर ती मान हलवत बसली. "इसीलिए," म्हणाली. जसं काय मीच ठरवलं होतं.

आई फोनवर रडायलाच लागली. मी म्हटलं आये, रडू नको, रक्त दे. रागावून बोलले. नंतर वाईट वाटलं.

९ नोव्हें. रविवार

लाथा १२. बाळ आज जोरात.

संतोषचं जुळत नाही. आईचं नाही. मामाकडच्या चौघांचं नाही.

मग कातवणे परिवार ग्रुपवर टाकलं. बाबल काका ॲडमिन. बाबांचे मोठे भाऊ, भावकीतले पहिले मानाचे. मी एवढंच लिहिलं की मी सुनी, बाळा कातवणेची मुलगी, शारजात आहे, डिसेंबरात ऑपरेशन आहे, असं असं रक्त पाहिजे, तपासा आणि कळवा. खाली बाईने दिलेला कागद.

पहिलं उत्तर बाबल काकांचं. "आपल्या घराण्याचे रक्त वेगळेच आहे हे आज शास्त्रानेही सिद्ध झाले. आपण घाटावरून सरदारांबरोबर आलेले." खाली तलवारीचं चित्र.

त्याखाली वसईच्या कातवण्याने लिहिलं की आपण मूळचे बेळगावाकडचे. मग गोव्याचा एक, त्याच्या मते आपण पोर्तुगीजांच्या भीतीने पळून आलो. मग वसईवाला तापला. मग काकांनी पुरावा म्हणून वंशावळीचा फोटो टाकला. अठ्ठेचाळीस मेसेज झाले. सगळे कुठून आले त्याच्यावर भांडतायत. रक्त तपासतो म्हणून एक माणूस बोलला नाही. एक!

नाही, एकाने हात जोडलेलं चित्र पाठवलं.

११ नोव्हें. मंगळवार

लाथा ८. संध्याकाळी थोडा डाग. बाईला फोन केला. झोपून राहा म्हणाली. झोपलेय. ओवी बाजूला कार्टून बघते. तिला सांगितलं आईच्या पोटाला बू झालंय, उड्या मारू नको. तर म्हणते, "Okay Mumma, I will sit like a statue." आणि बसली पण. पाच मिनिटं. ही चार वर्षांची आहे. मी गेले तर हिला माझा आवाज तरी आठवेल का.

हे इथल्या अरबांसारखं खलास, म्हणजे पुरे, म्हणतात अशा बोलण्याला. "खलास, तसा बोला नको."

बोलायचं नाही, सांगायचं नाही. मग काय करायचं?

१२ नोव्हें. बुधवार

लाथा १०. डाग थांबला.

काकांना पर्सनल फोन केला. म्हटलं काका, वंशावळ राहू दे, कातवणे कुठे कुठे आहेत तेवढं सांगा. ते त्यांना तोंडपाठ. गावात सतरा घरं. वसईला चार, बेळगावाकडे एक, गोव्यात दोन. गल्फमध्ये तीन. जगात दुसरे कातवणे नाहीतच, असेल तो आपलाच. हे सांगताना आवाज असा फुगलेला.

"गल्फमधले कोण?"

तिघांतला एक म्हातारा होऊन गावी परतला. उरले दोन. एक दिगू, रास अल खैमाला लादीच्या फॅक्टरीत. एक सुहास, अबूधाबीजवळ मुसफ्फात फॅब्रिकेशनला.

"आणि काका, तुम्ही तपासलं?"

"माका शुगर आसा गो."

ठेवला फोन.

ह्यांनी दोघांना फोन लावले. दिगू काकांनी एका दमात विचारलं, "खंय येव? कधी?" सुहास पण रविवारी येतो म्हणाला. इन्शाल्ला म्हणाला. इथे आठ वर्षं राहून सगळे तसंच बोलतात.

१६ नोव्हें. रविवार

लाथा १०.

दिगू काका पहाटेच निघाले असणार, आठ वाजता ब्लड बँकेच्या दारात उभे. पन्नाशी उलटलेले, हातांना लादीची पांढरी भुकटी, धुऊन पण जात नाही म्हणाले. सुहास पोरगेलासा, लग्न ठरलंय जानेवारीत. दोघांनी सुया टोचून घेतल्या. नंतर घरी आले, मी उठून पेज केली. बाई ओरडली असती. पण माझ्यासाठी रक्त द्यायला माणसं आली आणि मी नुसता चहा देऊ?

जेवताना मी सरदारांचं सांगितलं. दिगू काका एवढे हसले की ठसका लागला.

"खंयचे सरदार? आमचो पणजो खैराची झाडा तोडून कात उकळायचो. मडक्यांनी. एका रानातलो खैर संपलो की उठायचे, दुसऱ्या रानात. शेवटचा रान ता आमचा गाव. पुढे खैर नव्हतो, म्हणान ऱ्हवले. कातवणे दुसरीकडे नाय ते तेच्यासाठी."

"बाबल काकांना सांगा."

"सांगलेलंय एकदा. माझ्या लग्नाक इलो नाय तो."

ह्यांना पण हसू आलं. किती दिवसांनी या खोलीत कोणी हसलं. पलीकडच्या पार्टिशनमधल्या नेपाळी बाईने भिंतीवर ठोकलं.

१८ नोव्हें. मंगळवार

लाथा ९. डाग नाही.

दोघांचं नाही जुळत. दिगू काकांचं बी. सुहासचं ओ, खरं ओ.

हे भिंतीला टेकून बसले. मी पण. मग दिगू काकांचा फोन. त्यांना कळलेलं. म्हणाले, "पोरी, मी विचार करतंय. आमी कातवणे कातवणे करून पुरुषच शोधले. तुझी आते खंय आसा? इंदू?"

मी म्हटलं मला आते नाही.

म्हणाले, "असा सांगलेला काय तुका."

१९ नोव्हें. बुधवार

लाथा मोजल्या नाहीत. मोजायला हव्या होत्या.

काकांनी टाकलेला तो वंशावळीचा फोटो मोठा करून बघितला. आजोबा, त्यांच्याखाली तीन मुलगे. बाबल, बाळा, सदा. सदाकाका लहानपणी गेले ते पण आहेत, कंसात मयत लिहून. बाबांच्या खाली संतोष. एकटा. संतोषच्या खाली त्याचा मुलगा, तो दीड वर्षाचा आहे.

मी नाही. कोणाचीच मुलगी नाही. वरपासून खालपर्यंत सात पिढ्या आणि एक पोरगी झाली नाही म्हणे कातवण्यांकडे.

मी त्या कागदावर नाही आणि त्या कागदावरच्या माणसांकडे रक्त मागत होते. मला वाटलं आडनाव जिथे तिथे रक्त. लग्नात माझं आडनाव गेलं, नाव पण बदललं, सासरी गावड्यांकडे मी मानसी. मग माझं रक्त बदललं का? ते तर कातवण्यांचंच निघालं. एवढी साधी गोष्ट मला सुचली नाही. मलाच!

आईला फोन केला. आधी नाहीच म्हणाली. मग मी ओरडले. मग सांगितलं.

इंदू. बाबांची धाकटी बहीण. पास्कू नावाच्या ख्रिश्चन सुताराबरोबर गेली. मी तेव्हा पाळण्यात. आजोबांनी तिच्या नावाने आंघोळ केली. घरातल्या सगळ्यांनी केली. जिवंत माणसाच्या नावाने. विहिरीवर.

"तू पण केलीस आये?"

"माका सांगलेला तां मी केलंय."

"मला पण घातलीस?"

बोलली नाही. म्हणजे घातली. पाळण्यातल्या पोरीला.

"तिचा नाव काढू नको गो सुने. बाबल भावजींका कळला तर माझा जगणा मुश्किल."

माझ्या जगण्याचं काय ते विचारायचं राहिलं.

२० नोव्हें. गुरुवार

लाथा ११.

दिगू काका पंधरा वर्षांमागे अबूधाबीच्या साइटवर पास्कूबरोबर कामाला होते. पास्कू वारला. ती तिथेच आहे, पाळणाघरात आया म्हणून. आता नाव रोझी फर्नांडिस. कुठूनतरी नंबर काढून दिला त्यांनी. म्हणाले, "सांभाळून बोल. ती आमच्यापैकी कोणाशी बोलत नाय."

दिवसभर नंबर बघत बसले. हे म्हणाले मी बोलतो. मी म्हटलं नको, तुम्ही तीन दिवस घ्याल.

लागलं त्यांना. लागू दे.

२१ नोव्हें. शुक्रवार

लाथा १०. दुपारी चिमूटभर डाग.

बोलले. लगेच लिहिते, नाहीतर विसरेन कसं कसं बोलली.

तिसऱ्या वेळी उचलला. "हॅलो, हू इज धिस?"

मी म्हटलं, मी सुनी, बाळा कातवणेची.

"राँग नंबर. कातवणे नावाचा माझा कोणी नाय."

मग मराठीत का बोललीस, म्हटलं. तोंडातून निघून गेलं.

म्हणाली, "कशाक केलंस फोन? कोण मेला?"

मी सांगितलं सगळं. वार, रक्त, बाँबे, आठ डिसेंबर. घाईघाईने, ठेवेल या भीतीने. ती ऐकत होती. पाठीमागे पोरं रडत होती पाळणाघरातली. मग जे बोलली ते असं. जसंच्या तसं लिहिते.

"मेलेल्या माणसाचा रक्त चालता तुमका?"

मी फोन दुसऱ्या कानाला धरला.

"माझ्या नावान आंघोळ करी होते तेव्हा तुझो बापूस विहिरीतसून पाणी काढीत होतो. माका म्हायत आसा माझा रक्त कसला ता. तुझ्या डॉक्टरणीन आता शोधल्यान, माका बावीस वर्षांमागे कळला. बाळंतपणाक. हयच, अबूधाबीत. पास्कून तुझ्या बापाशीक फोन केल्यान. दोनदा. पयल्या वेळेक आयकून घेतल्यान आणि ठेवल्यान. दुसऱ्या वेळेक उचलूकच नाय."

मग?

"मग काय? मी वाचलंय. झील नाय वाचलो."

आणि ठेवला.

२२ नोव्हें. शनिवार

लाथा ७. रात्रीपासून रडले म्हणून असेल.

बाबा जाऊन दोन वर्षं झाली. मी त्यांचा फोटो आणलाय इथे, टीव्हीच्या वर. माणूस चांगला होता. मला शाळेत सोडायला यायचा. मी आठवीत शाळा सोडली तेव्हा दोन दिवस जेवला नव्हता. तोच माणूस फोन कानाला लावून बहिणीचं ऐकून घेतो आणि ठेवतो. ठेवून काय केलं असेल? जेवला असेल. मला शाळेत सोडलं असेल... नाही, मी तेव्हा शाळेत नव्हते, चार वर्षांची. ओवीएवढी.

फोटो उतरवला. कपाटात टाकला. हे बघत होते, काही बोलले नाहीत. पहिल्यांदा बरं वाटलं ह्यांच्या न बोलण्याचं.

तिला मेसेज करू का नको. माफी मागायची तर कशाची? मी आंघोळ केली ती पाळण्यातली. बाबांच्या वतीने मागायची तर मला त्यांचाच राग आलाय.

२३ नोव्हें. रविवार

लाथा १०.

आवाज रेकॉर्ड करून पाठवला. चार वेळा केला आणि पुसला. शेवटी म्हटलं, "आते, मी माफी नाही मागत. मी केलं नाही ते. पण बाबांनी केलं ते मला आत्ता कळलं, आणि मला राग आलाय. तुमच्याइतका नसेल. बाबल काकांच्या वंशावळीच्या कागदावर तुम्ही नाही, मी पण नाही. रक्त द्या म्हणून परत नाही म्हणणार. मला चार वर्षांची मुलगी आहे, तिचं नाव ओवी. एवढंच."

निळ्या खुणा आल्या. ऐकलं तिने. उत्तर नाही.

२५ नोव्हें. मंगळवार

लाथा ९. डाग नाही.

उत्तर आलं. आवाज नाही, लिहून. इंग्लिश अक्षरांत मालवणी, वाचायला वेळ लागला. "बाबल्याच्या कागदार माझा नाव घाल. सगळ्यांका दिसात असा. मग बघूया."

ह्यांना दाखवलं. हे म्हणाले, "तुझा माहेर तुटतला." मग सासूबाईंचा फोन, त्यांना कोणी सांगितलं कोण जाणे. त्या म्हणतात, रक्तातून धर्म जातो का ते आधी गुरवाला विचार. मी म्हटलं आई, गुरवाचं रक्त बाँबे आहे का विचारा, असेल तर त्याचंच घेते. हे बाथरूममध्ये जाऊन हसले. मला ऐकू आलं.

२६ नोव्हें. बुधवार

लाथा ११.

केलं.

वंशावळीचा फोटो घेतला, बोटाने त्यावर लिहायचं म्हटलं तर फोनवर होईना. ह्यांनी दुकानातून प्रिंट काढून आणली. लाल पेनाने आजोबांच्या खाली चौथी रेघ मारली. इंदुमती. तिच्या खाली, मुलगा, जन्मला तेव्हाच गेला. मयत लिहिलं कंसात, सदाकाकांसारखंच. बाबांच्या खाली संतोषच्या बाजूला सुनी. सुनीच्या खाली ओवी. तिच्या बाजूला एक गोल काढला, अजून नाव नाही म्हणून.

फोटो काढून ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, "कातवणे कुठून आले ते तुम्ही ठरवा. कुठे कुठे आहेत त्यात एवढे राहिले होते. अबूधाबी १, शारजा २."

सात मिनिटांत काकांनी मला ग्रुपमधून काढलं. मग त्यांचा फोन. उचलला. काय काय बोलले! बापाच्या तोंडाला काळं फासलंस. तिचं रक्त अंगात घेतलंस तर गावात पाय ठेवू नको. आईला भावकीत कोणी पाणी देणार नाही.

मी म्हटलं, "काका, तुमचं रक्त तपासलं का अजून?"

"माका शुगर..."

मीच ठेवला.

मग आईची भीती वाटायला लागली. ती एकटी आहे तिथे. संतोष कामावर असतो. तिचं काय करतील? मी इथे लांब बसून लाल पेन चालवला. तिला भोगावं लागणार. संध्याकाळी तिचा फोन आला, मी उचलला नाही. घाबरले.

मग विचार आला, बाबांनी पण असंच केलं असेल का? वाजू दिला असेल?

लगेच उलट लावला. आई म्हणाली, "बाबल भावजी येवन आरडून गेले." मग हळू आवाजात, दार लावून घेतल्यासारखी, "इंदूचो आवाज कसो आसा गो आता?"

२७ नोव्हें. गुरुवार

लाथा १०.

दिगू काकांनी स्क्रीनशॉट पाठवला. मला काढल्यावर त्यांनी तोच फोटो परत टाकला, आणि खाली आपल्या दोन बहिणींची नावं. मग गोव्याच्या कातवण्याने त्याच्या तीन आत्यांची. आता काकांनी दोघांनाही काढलं. दिगू काका म्हणतात, "असा चलला तर बाबल एकटोच उरतलो ग्रुपमधी."

आतेला मी फोटो पाठवलाय कालच. निळ्या खुणा. उत्तर नाही. बघूया म्हणजे काय असतं? मला हो का नाही ते पाहिजे. चिडून टाइप केलं आणि पुसलं.

३० नोव्हें. रविवार

सकाळी बाथरूममध्ये रक्त. डाग नाही, रक्त. धारच. अँब्युलन्स. ओवी ओरडत होती, नेपाळी बाईने तिला उचललं, तीच जी भिंतीवर ठोकायची.

आता थांबलंय. ॲडमिट. बाळाचे ठोके बरोबर. सलाइन लावलेल्या हाताने लिहिते, अक्षर वाकडं. बाई म्हणाली आठ तारखेपर्यंत नाही थांबता येणार. परवा सकाळी करायचं. मधल्या वेळात परत सुरू झालं तर लगेच, आहे त्या परिस्थितीत.

"डोनर मिला?" विचारलं तिने.

ह्यांनी माझ्याकडे बघितलं. मी फोनकडे.

ह्यांनी बाहेर जाऊन आतेला फोन केला. मला न विचारता. दारातून अर्धं ऐकू आलं. "आते, मी सुनीचो घोव. माका पाया पडूक येयत नाय, पण मी पडतंय." माणूस रडत होता. तीन दिवस तेव्हा का गप्प होता ते आज थोडं कळलं. थोडंच. राग आहे अजून.

आत आले. "काय म्हणाली?"

"काय नाय. बस खंय थांबता विचारल्यान."

१ डिसेंबर, सोमवार

आली.

सुट्टी आहे सगळीकडे, बसला गर्दी, अडीच तास उभी राहून आली म्हणे. मला व्हीलचेअरवरून खाली नेलं ब्लड बँकेत. मी कोणीतरी म्हातारी, थकलेली बाई डोक्यात धरली होती. ही ठेंगणी, केस रंगवलेले, पांढरे बूट, खांद्याला मोठी पर्स. नाक बाबांचं. एकदम बाबांचं. मला बघवेना आणि नजर पण हटेना.

माझ्याकडे बघितलं, पोटाकडे बघितलं. "एवढीशी तर आसस," म्हणाली. एवढंच. डोक्यावर हात नाही, काही नाही.

फॉर्मवर नर्सने विचारलं पेशंटशी नातं काय. ती म्हणाली, "लिख फ्रेंड." मग थांबली. "काट. बाप की बहन लिख."

रक्ताचा थेंब तपासला, बरोबर तेच. हिमोग्लोबिन चांगलं. वजन चांगलं. मग प्रेशर बघितलं तर एवढं वर की नर्सने दुसऱ्या हाताला लावून बघितलं. तिथे पण तेच. असं असताना रक्त घेता येत नाही म्हणे. गोळी घेता का विचारलं. आते म्हणाली, नाही, प्रेशर नाही मला, कधीच नव्हतं. नर्स म्हणाली, मग टेन्शन असेल, थोडा वेळ शांत बसा, पाणी प्या, पाऊण तासाने परत बघू.

"शांत बस म्हणता ही! सव्वीस वर्षा शांतच बसलंय मी!"

आणि तिथून सुरू झाली. आजोबा, बाबल, विहीर, बाबांचा फोन, पास्कू रात्रभर कुठे कुठे फिरला ते, बाळाला पांढऱ्या फडक्यात कसं दिलं ते. सगळं मोठ्याने. मालवणीत. बाजूला रक्त द्यायला बसलेला पठाण उठून लांब जाऊन बसला. नर्स दोनदा म्हणाली, मॅडम प्लीज. हे पाण्याचा ग्लास धरून उभे. मी म्हटलं आते, आत्ता नको, नंतर बोला, प्रेशर वाढेल.

"नंतर कधी? उद्या तू आसशीत?"

मग तिलाच कळलं काय बोलली ते. तोंड वळवलं. ह्यांच्या हातातला ग्लास घेतला, एका दमात प्यायली.

दुसऱ्यांदा बघितलं. थोडं खाली आलंय, पुरेसं नाही. साडेचारला शेवटचं बघतील, कारण घेतल्यावर तपासायला पण वेळ लागतो आणि ऑपरेशन सकाळी सातला. एक पिशवी मिळेल तिची. पुरेल का विचारलं तर बाई म्हणाली, "एक तो हो."

चार वीस झाले. मला वर न्यायला माणूस आलाय, मी थांब म्हटलंय. लाथा ६, दिवस संपायचाय अजून. ती समोरच्या खुर्चीत बूट काढून, डोळे मिटून बसलीय. नर्स म्हणते लंबी साँस लो. ती घेते, सोडते, आणि मधेच एक डोळा उघडून मला सांगते,

"आणि तुझी आये! तीपण तेव्हा..."